बर्फाचं वेस्ट दोन महिने वापरून बघितलं, त्याचा रिव्ह्यू (आणि फ्रीजरमधल्या स्लशचाही)

कूलिंग वेस्ट घेऊन आता दोन महिने होऊन गेले आणि ते मी मोजून अकरा वेळा वापरलं, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. ज्यांना हे काय ते माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, बिनबाह्यांचं जाडसर जॅकेट असतं, आतून कप्पे असतात, त्यात फ्रीजरमध्ये गोठवलेली जेलची पाकिटं घालायची आणि उन्हात पळायच्या आधी वीस-तीस मिनिटं ते अंगात घालून बसायचं किंवा हळूहळू वॉर्मअप करायचा. पळायला सुरुवात करताना काढून ठेवायचं. हे मुद्दाम सांगतेय कारण मला जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो की एवढं वजन अंगावर घेऊन पळणार का तू. नाही, पळायच्या आधी घालायचं, व्यायामाआधी शरीर गार करून ठेवायचं, याला प्रीकूलिंग म्हणतात.

निकाल आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचा वेळ जायला नको. उपयोग होतो, खरंच होतो. पण मला वाटलं होतं तेवढा नाही, आणि याच्यासोबत मी स्वतः फ्रीजरमध्ये बनवायला लागले ती स्लश, म्हणजे अर्धवट गोठलेलं पेय, तिने मला वेस्टपेक्षा जास्त फायदा दिला. दोन्ही मिळून सगळ्यात भारी. एकच करायचं असेल तर आधी स्लश करून बघा.

आता घेतलं का ते. मागच्या उन्हाळ्यात एका हाफ मॅरेथॉनला (२१ किलोमीटरची शर्यत) मी सोळाव्या किलोमीटरला थांबले. तयारी चांगली झाली होती, पाय दुखत नव्हते, दमही लागला नव्हता, पाणी प्रत्येक स्टॉलवर घेत होते, आणि तरीही अंगातून कोणीतरी जीवच काढून घेतल्यासारखं झालं, डोकं जड, रणरणत्या उन्हात हातावर शहारे, घाम तर धो धो येत होता पण तो वाळतच नव्हता, नुसता कोपरावरून टपकत होता. एका व्हॉलंटिअर ताईंनी हाताला धरून सावलीत बसवलं, मानेवर ओला टॉवेल टाकला आणि मी पंधरा मिनिटं तिथून हलले नाही. आमचे पळण्याचे सर नंतर भेटले तेव्हा ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "तू सुरुवातीच्या रेषेवर आलीस तेव्हाच तापलेली होतीस गं." आणि खरंच होतं ते. रेस उशिरा सुटली, आम्ही सगळे अर्धा तास उन्हात उभे, त्यात मी उत्साहाने वॉर्मअपही तिथेच जोरजोरात केला होता. म्हणजे शर्यतीत वापरायची, अजून तापायला शिल्लक असलेली जी गुंजाइश शरीरात होती ती मी शर्यतीच्या आधीच खर्च करून टाकली होती.

ही गुंजाइश म्हणजे काय ते कळलं तेव्हा मला हा विषय खरा कळला. पळताना जी ऊर्जा जळते तिचा बहुतेक भाग उष्णताच होतो. सत्तर किलोचा माणूस एक किलोमीटर पळाला की साधारण ७० किलोकॅलरी, म्हणजे जवळपास २९० किलोजूल जळतात. आणि सत्तर किलोचं शरीर एका अंशाने तापवायला लागतात साधारण २४५ किलोजूल. म्हणजे उष्णता बाहेर जायची वाटच बंद केली तर एकेका किलोमीटरला एकेक अंश चढेल! अर्थात तसं होत नाही कारण घाम आहे, वारा आहे. पण ऊन, दमटपणा आणि गर्दी असली की ही वाट अरुंद होत जाते आणि आतलं तापमान चढत जातं.

१९९९ साली कोपनहेगनमध्ये झालेला एक प्रयोग आहे, मी तो सगळ्यांना सांगत असते. सात सायकलपटू, ४० अंशांची गरम खोली, आणि थकून थांबेपर्यंत सायकल मारायची. फक्त आधी अर्धा तास त्यांना कधी गार पाण्यात, कधी साध्या, कधी गरम पाण्यात बसवलं, म्हणजे सुरुवातीचं आतलं तापमान कधी ३६, कधी ३७, कधी ३८ अंशांच्या आसपास. गार होऊन आलेले सरासरी ६३ मिनिटं टिकले, साधे ४६ आणि गरम होऊन आलेले २८. आणि तिन्ही वेळा ते थांबले ते आतलं तापमान ४० च्या किंचित वर गेल्यावरच. कुठून सुरुवात केली त्यावर किती वेळ मिळाला ते ठरलं, शेवट मात्र एकाच जागी. हे वाचलं आणि मला माझा सोळावा किलोमीटर आठवला, त्याच आठवड्यात मी वेस्ट मागवलं.

आणि हे काही नवीन फॅड नाहीये बरं का. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकसाठी ऑस्ट्रेलियाच्या क्रीडा संस्थेने आपल्या रोइंगवाल्यांसाठी बर्फाची जॅकेट तयार केली होती. २००४ ला अथेन्समध्ये बायकांची मॅरेथॉन संध्याकाळी सहाला सुटली तेव्हा पारा ३५ च्या आसपास होता आणि अमेरिकेची डीना कॅस्टर आधी बर्फाचं वेस्ट घालून होती, सुरुवात शांतपणे मागून केली आणि ब्राँझ घेऊन गेली. उलट टोक बघायचं तर २०१९ ची दोहाची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा, बायकांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवूनही ६८ जणींमधल्या ४० च शेवटपर्यंत पोचल्या. जगातल्या उत्तम धावपटू होत्या त्या.

असो, वेस्टकडे येते. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला वेस्ट या प्रकाराबद्दल बोलायचंय. माझ्या वेस्टला आठ कप्पे आहेत, चार पुढे चार मागे, पाकिटं घालून सगळं मिळून दोन किलोच्या आसपास भरतं. पुढे झिप, कमरेला दोन्ही बाजूंनी वेल्क्रोचे पट्टे, खांद्यावर पण वेल्क्रो. कापड बाहेरून जाड आणि आतून जाळीचं आहे, हे बरोबर केलंय, कारण बाहेरून जाड नसेल तर पाकिटं तुमच्याऐवजी हवाच गार करत बसतील.

पहिल्यांदा घातलं तेव्हा काय झालं ते सांगते. पाकिटं रात्रभर फ्रीजरमध्ये होती, सकाळी काढली तर फरशीच्या तुकड्यांसारखी टणक, एकमेकांवर आपटली की खणखण आवाज. ती तशीच कप्प्यात सरकवली, नुसत्या स्पोर्ट्स ब्रावर वेस्ट चढवलं, झिप वर ओढली आणि श्वास आतल्या आत अडकला. पहिली दोन मिनिटं नीट श्वासच घेता येईना. मग हळूहळू बधिर झालं आणि मला वाटलं वा, काय मस्त काम करतंय. वीस मिनिटांनी काढलं तर पाठीवर चार आणि छातीवर दोन लालभडक चौकोन उठले होते, ते दुपारपर्यंत गेले नाहीत. धाकटा भाऊ बघून म्हणाला, "ताई, हे इस्त्रीचे डाग आहेत का?" तो घाबरला होता आणि मी पण.

चूक माझी होती पण माहितीपत्रकातही हे धड लिहिलेलं नव्हतं. घरच्या फ्रीजरमधून काढलेलं पाकीट उणे १८ च्या आसपास असतं, ते थेट कातडीला लावलं तर बर्फाचा चटका बसतो. आणि दुसरं म्हणजे जास्त गार म्हणजे जास्त फायदा असं अजिबात नाहीये. कातडी एकदम गारठली की तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्त वरच येत नाही, आणि आतली उष्णता कातडीपर्यंत आणतं ते रक्तच, मग ती आतच अडकून बसते. वरून थंडगार, आतून जसंच्या तसं. त्यामुळे आता मी पाकिटं काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवते, त्यांच्यावरचं पांढरं दव जाऊन ओलसर चमक आली की घालते, आणि आत पातळ टी-शर्ट असतोच असतो. श्वास अडकत नाही, चौकोन उठत नाहीत, आणि वेस्टमध्ये अर्धा तास आरामात राहता येतं.

आता फिटिंग, इथे माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. साइज छातीच्या मापाने घ्यायला सांगतात, मी तसंच घेतलं. पण गोठलेलं पाकीट वाकत नाही आणि शरीर काही सपाट नसतं! पुढची वरची दोन पाकिटं छातीवर टेकतात आणि त्यामुळे खालची दोन पोटापासून लांब हवेत लटकतात, बोटं आत घातली तर आरपार जातात. पाठीला कण्याच्या खोबणीतही तसंच. म्हणजे आठातली नीट टेकतात चार किंवा पाच, बाकीची नुसतं वजन. बायकांच्या शरीराचा विचार करून हे शिवलेलंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मी यावर एक उपाय काढला तो सांगते, पाकिटं सपाट न गोठवता एका मोठ्या गोल डब्यावर बाहेरून गुंडाळून, वरून फडक्याने बांधून गोठवायची. सकाळी ती बाकदार निघतात आणि कुशीला, पोटाला छान बसतात. मागची दोन मात्र सपाटच. हे एवढं केल्यावर वेस्ट मला पहिल्यांदा खरं कामाचं वाटलं.

पाकिटांबद्दल अजून एक. तिसऱ्या आठवड्यात एका पाकिटाची शिवण कोपऱ्यातून उसवली, जेल कापडात मुरलं, ते चिकट असतं आणि तीन धुण्यांशिवाय जात नाही. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की बघतो, मग दोन आठवडे काहीच नाही, मग आलं ते असं की वॉरंटी वेस्टला आहे, पाकिटांना नाही. अहो पण पाकिटांशिवाय हे वेस्ट म्हणजे नुसतं उन्हाळ्यात घालायचं गरम जॅकेट! पाकीट हाच तर त्यातला मुख्य भाग. हे मला अजिबात पटलेलं नाही. घेताना पाकिटं सुटी मिळतात का आणि वॉरंटी कशाकशाला आहे हे आधी विचारून घ्या.

फायदा किती झाला म्हणाल तर माझ्या घड्याळात दिसतो तो असा की त्याच रस्त्याला, त्याच पेसला (म्हणजे त्याच वेगाला), तसल्याच उन्हात, वेस्ट घातलेल्या दिवशी पहिले चार-पाच किलोमीटर हृदयाचे ठोके सात-आठने कमी असतात. आठव्या-नवव्या किलोमीटरनंतर फरक पुसला जातो. नुसत्या वेस्टने आतलं तापमान फार काही उतरत नाही, गार होते ती मुख्यतः कातडी. पण कातडी गार असली की हृदयाला तिकडे कमी रक्त वळवावं लागतं, तेवढं पायांना मिळतं, आणि सुरुवातीला जीव शांत राहतो. एवढाच फायदा आणि हा थोडका नाही. पण माझ्यासारखं कोणी समजून बसलं असेल की शेवटचे पाच किलोमीटर सोपे जातील, तर तसं होत नाही, किंवा एवढंच म्हणता येईल की सुरुवात हलकी गेल्यामुळे शेवटाला थोडं जास्त उरतं.

यातच एक सापळा आहे, मी त्यात पाचव्या वेळी अडकले. वेस्ट काढलं की इतकं हलकं आणि ताजं वाटतं की पाय आपोआप जोरात पडतात. त्या दिवशी मी ठरवलेल्या पेसपेक्षा किलोमीटरमागे वीस सेकंद पुढे पळत होते आणि मला ते जाणवतही नव्हतं, नवव्या किलोमीटरला सगळं वसूल झालं. त्यामुळे आता पहिले दोन किलोमीटर मी कसं वाटतंय याकडे लक्षच देत नाही, फक्त घड्याळ बघते.

आता स्लश. ही मुळात मी पाकीट फुटल्यावर नाइलाजाने सुरू केली. साधं पाणी गोठवलं तर दगड होतो, पण साखर-मीठ असलेलं स्पोर्ट्स ड्रिंक शून्याच्या जरा खाली गोठायला लागतं आणि त्यात बारीक बारीक बर्फाचे कण तयार होतात, ते मिक्सरमधून फिरवलं की चमच्याने खाता येईल किंवा जाड स्ट्रॉने ओढता येईल असं होतं. आदल्या रात्री ट्रेमध्ये गोठवून ठेवायचं, सकाळी मिक्सरमधून काढायचं आणि आधीपासून गार करून ठेवलेल्या थर्मासमध्ये भरायचं. थर्मास गार केला नाही तर पोचेपर्यंत अर्धं पाणी होतं, हे मी एकदा करून बसलेय.

एवढंसं पेय इतकं काम का करतं तर बर्फ वितळताना उष्णता खातो, किलोला ३३४ किलोजूल. अर्धा लिटर चार अंशांचं गार पाणी प्यायलं तर ते ३७ पर्यंत तापताना शरीरातून जेमतेम ७० किलोजूल घेतं. तेवढ्याच वजनाचा बर्फ पोटात गेला तर वितळायला १६७ आणि मग तापायला ७७, म्हणजे २४४ च्या आसपास. वर लिहिलेला आकडा आठवतोय का, सत्तर किलोच्या शरीराच्या एका अंशाचे २४५. कागदावर अख्खा एक अंश! प्रत्यक्षात एवढा नाही मिळत, स्लशमध्ये सगळा बर्फ नसतो, थोडं पाणी असतंच, आणि पिता पिता शरीर पण उष्णता बनवतच असतं. पण हा गारवा सगळा आत लागतो, बाहेरच्या हवेत वाया जात नाही, आणि कातडीच्या रक्तवाहिन्यांची भानगडच नाही.

यावरही २०१० चा प्रयोग आहे, दहा पुरुष, ३४ अंशांत थकेपर्यंत पळायचं, आधी किलोमागे साडेसात ग्रॅम या हिशोबाने एकदा स्लश आणि एकदा चार अंशांचं पाणी. स्लशने पळायच्या आधीच आतलं तापमान ०.६६ अंशाने उतरलं, पाण्याने ०.२५. पाणी पिऊन सरासरी ४०.७ मिनिटं पळाले, स्लश घेऊन ५०.२. मी हाच हिशोब धरते, माझ्या वजनाला साधारण चारशे-सव्वाचारशे ग्रॅम होतात, ते अर्ध्या तासात थोडं थोडं करून संपवते. घाई केली तर कपाळात सणक जाते आणि पोटात गच्च होतं. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटांत संपवलं आणि पहिले तीन किलोमीटर पोट डुचमळत होतं. त्यामुळे रेसच्या दिवशी पहिल्यांदाच करून बघू नका, सरावात चार-पाच वेळा पोटाला सवय लावा.

त्याच प्रयोगातली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. स्लश घेतलेल्या दिवशी ते थांबले तेव्हा आतलं तापमान पाण्याच्या दिवसापेक्षा ०.३ अंशाने जास्त होतं. म्हणजे जास्त तापूनही त्यांना तेवढं जाणवलं नाही. म्हणून गार वाटतंय म्हणजे आपण सुरक्षित आहोत असं कधीच धरू नका.

याच कारणासाठी मेंथॉलच्या स्प्रेबद्दल माझं मत वाईट आहे. मैत्रिणीने दिला होता, टी-शर्टवर मारायचा, लगेच गार गार वाटतं. पण मेंथॉल तापमान कमी करत नाही, कातडीतले गारवा ओळखणारे सेन्सर तेवढे चाळवतो, शरीर आतून तापतच असतं. अनुभवी माणसाने थोड्या वेळासाठी समजून वापरला तर ठीक असेल, नवीन पळणाऱ्याच्या हातात मी देणार नाही.

दुसऱ्या प्रकारचं वेस्टही मी दोनदा मैत्रिणीकडून घेऊन वापरलं, त्यात बर्फाच्या जेलऐवजी १५ अंशांना वितळणारा पदार्थ असतो, त्याला फेज चेंज मटेरियल म्हणतात. बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की परत घट्ट होतं, फ्रीजर लागत नाही, कातडीला झोंबत नाही, पहिल्या मिनिटापासून सुखाचं वाटतं. पण किलोमागे उष्णता बर्फाच्या निम्म्याच्या आसपास घेतं, त्यामुळे तेवढ्याच कामाला वजन जास्त. ज्यांना रेसच्या ठिकाणी फ्रीजर मिळणार नाही त्यांनी हे बघावं. आणि नुसतं पाण्यात भिजवून घालायचं वेस्ट मिळतं ते कोरड्या हवेत चांगलं, दमट हवेत त्यातलं पाणी उडतच नाही, अंगावर ओलं ओझं नुसतं. अख्खं अंग गार पाण्याच्या टबात बुडवणं सगळ्यात परिणामकारक आहे पण रेसच्या आधी टब कुठून आणणार, शिवाय पाय गारठतात. पायांना गार करायचंच नाही. स्नायू गार पडले की ताकद कमी होते, म्हणून वेस्ट फक्त धडाला असतं आणि ते घालून पाय हलते ठेवायचे असतात. आणि शंभर-दोनशे मीटर पळणाऱ्यांनी हे सगळं सोडूनच द्या, त्यांना गरम स्नायूच हवेत. हा खेळ अर्धा तास आणि त्याच्या वरच्या धावण्याचा आहे.

वेस्ट घ्यायच्या आधी अजून एक, आणि हे फुकट आहे. घामाइतका ताकदवान कूलर कुठेच मिळत नाही. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर २४०० किलोजूलच्या आसपास घेऊन जातो, माझ्या सगळ्या स्लशच्या दहापट, आणि टपकला तर जवळजवळ काहीच नाही. उन्हात दहा ते चौदा दिवस हळूहळू सराव वाढवत नेला की शरीर लवकर घाम सोडायला लागतं, रक्तातलं पाणी वाढतं, तोच पेस कमी ठोक्यांत जमतो. मी मागच्या वर्षी हे केलं नव्हतं, सगळा सराव पहाटेच्या गारव्यात आणि रेस उन्हात. या वर्षी आधी ते केलं. वेस्ट आणि स्लश त्याच्या नंतरच्या गोष्टी आहेत, त्याच्याऐवजीच्या नाहीत.

आणि कृपा करून हे वाचा. पळताना कोणी बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, विचारलेल्याचं उत्तर धड येईना, तर तो साधा थकवा नाही, उष्माघात असू शकतो. बरोबरच्यांपैकी एकाने तातडीची मदत बोलवायची आणि बाकीच्यांनी तिथल्या तिथे गार करायला घ्यायचं, पाणी-बर्फाच्या टबात बसवता आलं तर सगळ्यात उत्तम, नाहीतर अंगभर गार पाणी ओतायचं, बर्फाचे टॉवेल बदलत राहायचं, वारा घालायचा. आधी गार करायचं, मग हलवायचं. माझ्या वेळी त्या ताईंनी मला तीन-चार साधे प्रश्न का विचारले, नाव काय, कितवा किलोमीटर, ते मला आत्ता कळतंय.

परवाच्या रेसला काय केलं ते सांगते म्हणजे वेळेचा अंदाज येईल. सुरुवातीच्या पन्नास मिनिटं आधी पोचलो, सावली शोधली, थर्मास उघडला, अर्ध्या तासात स्लश संपवली. चाळीस मिनिटं राहिली तेव्हा वेस्ट घातलं, ते घालूनच चालणं, पाय झुलवणं, मग अगदी सावकाश जॉगिंग, घाम फुटेल असं काहीच नाही. बाकीचे उन्हात स्प्रिंट मारत होते, मागच्या वर्षी मी त्यांच्यात होते. भाऊ बॅग घेऊन बाजूला उभा, पाच मिनिटं राहिली तेव्हा "ताई, आण आता इकडे" म्हणाला, पाकिटांच्या मधोमध अजून बर्फाची गोळी हाताला लागत होती, कडा मऊ झाल्या होत्या. वेळ माझा फार भारी आला नाही, पण सोळावा किलोमीटर गेला तेव्हा बाजूला पाटी होती, मी ती वाचली आणि पुढे पळत राहिले.

डाव्या खांद्याचं वेल्क्रो आता सुटायला लागलंय, ते शिवून घेणार आहे. पाकिटं या वेळी दुसरीकडून सुटी घेईन, शक्यतो लहान लहान, म्हणजे डब्याभोवती गुंडाळायची गरज लागणार नाही. पाचातले साडेतीन स्टार वेस्टला, त्यातला एक अख्खा मी फिटिंगसाठी कापलाय. स्लशला पाचाचे पाच.